हाताने बांधलेल्या हेडफोन अ‍ॅम्पला किती पैसे द्यावेत?
सांगलीत कुणी हाताने बांधलेला अ‍ॅम्प (हेडफोनचा आवाज वाढवणारं उपकरण) विकत असेल, तर आधी झाकण उघडायला सांगा. नकार आला तर बोलणी तिथेच संपवा. आत एनई५५३२ ही आयसी (आवाजाचा सिग्नल वाढवणारी चिप) असेल तर ती स्वस्तातली. ओपीए२१३४ ही तसलीच आयसी, पण महाग, म्हणून तिच्या नकलाही फार. खरा पैसा डबा, ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्यूम पॉटमध्ये (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणामागचा भाग) जातो. पुण्याच्या तपकीर गल्लीतले सुट्या भागांचे भाव जोडा, वर चार-पाच तासांची मजुरी धरा.

मग मल्टिमीटर काढा. गाणं बंद, हेडफोन काढलेला, आउटपुटवर डीसी (एकाच दिशेचा व्होल्टेज, जो हेडफोनकडे जायला नको) मोजा: २० मिलिव्होल्टच्या आत ठीक, ५० च्या वर असेल तर हेडफोन लावूच नका. आवाज अगदी कमी केल्यावर एक बाजू आधी गप्प झाली, तर पॉट हलका; तेवढे पैसे कापा. गाण्याशिवायही घूंऽऽ येत असेल तर ग्राउंडची (शून्य व्होल्टेजच्या सामाईक तारेची) जोडणी किंवा ट्रान्सफॉर्मरची जागा तपासा.