फेंडरची कड वळवा, पण रंग तडकू देऊ नका

गाडीची उंची कमी केली किंवा रुंद टायर घातले, की खड्ड्यात टायर फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, आतल्या कडेला घासतो. ती कड आत वळवली की साधारण तिच्या रुंदीएवढी जागा मिळते. मात्र टायर फेंडरच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला (लाइनरला) घासत असेल, तर या खटाटोपाचा काही उपयोग नाही. कडेवर घासल्याच्या खुणा आहेत का, ते आधी बघा.

गाडी जॅक स्टँडवर घ्या, चाक आणि लाइनर काढा, कड स्वच्छ पुसा आणि रोलर, म्हणजे कड दाबत वळवणारं चाकाचं अवजार, हबवर (चाक जिथे बसतं तिथे) चाकाच्याच नटांनी घट्ट बसवा.

टायर आणि फेंडरमध्ये बेसबॉलची बॅट घालून गाडी पुढे-मागे ढकलायचा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून ऐकू नका. बॅटचा दाब एकसारखा पडत नाही आणि पत्र्यावर लाटा उठतात.

खरी मेख आहे ती उष्णतेत. थंड रंग ताठ असतो. खालचा पत्रा वळला की रंग तडकतो, मग भेगेतून पाणी शिरून गंज धरतो. म्हणून हीट गन आतून-बाहेरून, सतत हलती ठेवून फिरवा. पत्रा ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्या आणि ते इन्फ्रारेड थर्मामीटरनेच मोजा, अंदाजाने नाही. गन एका जागी थांबली तर रंगाला फोड येतात.

पहिल्या फेरीत रोलर कडेला जेमतेम टेकवा. विरोध कमी झाला की थोडासाच दाब वाढवा, आणि प्रत्येक फेरीआधी पत्रा पुन्हा तापवा. हा कंटाळा केला की रंग गेलाच म्हणून समजा. मधूनमधून बाहेरून, पत्र्याच्या रेषेत नजर लावून बघा. फेंडर बाहेर फुगतोय असं वाटलं तर दाब लगेच कमी करा. बंपरच्या स्क्रूची पट्टी जिथे आहे तिथे जोर लावू नका.

मागच्या फेंडरला दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात आणि मध्ये सीलंट असतं. तिथली कड मी पूर्ण सपाट करतच नाही. सीलंट फाटलं तर आतून गंज येतो, आणि तो बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. रंगाखाली पोचे बुजवायची पुटी भरलेली असेल तर कितीही तापवा, ती फुटणारच. स्टीलच्या फेंडरला चुंबक नीट चिकटत नसेल तर खाली पुटी आहे असं समजा आणि त्याला हात लावू नका.

शेवटी उघड्या पत्र्यावर प्रायमर, जोडावर नवं सीलंट. चाक लावून गाडीत माणसं बसवा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा.