ट्रॅक्टर नवा की जुना? इंदूरच्या काळ्या मातीतला हिशेब

नव्या आणि जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीतला फरक म्हणजे आपली बचत, असं धरून सौदा करणारे पुष्कळ आहेत. हिशेब वर्षाचा मांडायला हवा. उदाहरणादाखल 45 एचपीचा नवा ट्रॅक्टर साडेसात लाखांचा धरू. आठ वर्षांनी तो साडेतीन लाखांना गेला, तर वर्षाला 50 हजारांची घट होते. अडकलेल्या पैशावर, म्हणजे सरासरी साडेपाच लाखांवर, दहा टक्के व्याज 55 हजार. एकूण 1,05,000. आता जुना ट्रॅक्टर चार लाखांना घेऊन पाच वर्षांनी सव्वादोन लाखांना विकला, तर घट 35 हजार, व्याज सुमारे 31 हजार, आणि टायरची जोडी, क्लच, पंप-नोझल, लिफ्टचे (मागे अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकचे) सील असा जादा खर्च वर्षाला 25 हजार. हे झाले 91 हजार. म्हणजे साडेतीन लाखांचा फरक वर्षाला जेमतेम 14 हजारांवर आला.

हे गणित वर्षाला 250 तास चालणाऱ्या ट्रॅक्टरचं. भाड्याची कामं घेऊन तास 600 वर गेले, तर दुरुस्ती दुपटीहून वाढते आणि जुना उलट महाग पडतो. तास शंभराच्या आत असतील, तर दोन्ही सोडा आणि गावातल्या भाड्याच्या दराशी तुलना करा.

दुसरी बाजू वेळेची. सांवेर, देपालपूर, महूकडे सोयाबीनची पेरणी जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पुरेसा पाऊस झाल्यावर. काळ्या मातीत वाफसा, म्हणजे पेरणीला योग्य ओल, मिळतो तो मोजक्या दिवसांचा, आणि नेमका तेव्हाच मिस्त्री सापडत नाही. म्हणून जमिनीतून नुसतं ओढायचं लोखंड जुनं घ्यायला हरकत नाही: पलाऊ, कल्टिव्हेटर, पाटा, ट्रॉली. फाळ झिजला तर बदलता येतो, फ्रेम वाकली तर डोळ्यांना दिसते. ज्यात गिअर, बेअरिंग आणि मोजून बी सोडण्याची व्यवस्था आहे, तिथे नवीनच बरं.

पेरणी यंत्राचंच पाहा. जुन्या यंत्राचे बी सोडणारे रोलर झिजलेले असतात. सोयाबीनची साल नाजूक, त्यामुळे दाणे फुटतात आणि एका नळीतून जास्त तर दुसरीतून कमी पडतात. तरी घ्यायचंच असेल तर तिथेच मोजा. सहा ओळी, ओळींत 45 सेंमी अंतर, म्हणजे रुंदी 2.7 मीटर. चाकाचा घेर 1.25 मीटर असेल तर 40 फेऱ्यांत 50 मीटर अंतर, म्हणजे 135 चौरस मीटर क्षेत्र होतं. हेक्टरी 75 किलो बी हवं असेल, तर चाक उचलून हाताने 40 फेऱ्या फिरवल्यावर सर्व नळ्यांतून मिळून एक किलो आणि प्रत्येकीतून सुमारे 170 ग्रॅम पडायला हवं. प्रत्येक नळीखाली वेगळी पिशवी बांधा. नळ्यांमधला फरक पाच-दहा टक्क्यांपलीकडे गेला किंवा पिशवीत फुटके दाणे दिसले, की सौदा सोडा.

रोटाव्हेटरची, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराची, पाती स्वस्त, तिकडे फारसं पाहू नका. रोटर शाफ्ट दोन्ही टोकांना धरून हलवा. खेळ असेल तर बेअरिंग गेलं, आणि सीलमध्ये तार-काड्या गुंडाळल्या असतील तर गिअरबॉक्सचं तेलही बाहेर पडलेलं असेल. हार्वेस्टर मात्र स्वतःच्या शेतापुरता जुनाही घेऊ नये. हंगामात भाड्याचे येतातच.

आता जुना ट्रॅक्टर तपासणं. मालकाला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर हात लावून पाहा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या. गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा डिपस्टिकवरचं तेल दुधाळ असेल, तर गॅस्केट, हेड किंवा लायनरचं काम निघणार. सुरू झाल्यावर तेल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ चालेल, पण भकाभका धूर आला की पिस्टन-रिंग संपल्या. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर नोझल किंवा कॉम्प्रेशन बघा. ओझ्याखाली काळा धूर म्हणजे बहुधा एअर क्लीनर तुंबलाय किंवा पंपाचं सेटिंग बिघडलंय, हे त्यातल्या त्यात स्वस्त दुखणं.

लिफ्टला रोटाव्हेटर लावा, पूर्ण वर उचला आणि इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. किंचित खाली येणं समजू शकतं. मिनिटभरात जमिनीला टेकला तर सिलिंडरचे सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गेलाय. पुढचं चाक जॅकवर उचला, वरून-खालून धरून हलवा, खडखड आली तर किंगपिनचे बुश किंवा बेअरिंग. चढावर गिअर टाकून थ्रॉटल अचानक सोडा. गिअर आपोआप सुटला तर खर्च मोठा.

तासमीटरवर फार विसंबू नका, तो बदलता येतो. त्यापेक्षा पेडलचं रबर, ड्रॉबारचं (ट्रॉली जोडायच्या पट्टीचं) अंडाकृती झालेलं भोक आणि मागचे टायर पाहा. टायरच्या गोट्या मधोमध झिजल्या असतील तर ट्रॅक्टर शेतापेक्षा रस्त्यावर, रेती-गिट्टीच्या ट्रॉलीला जास्त धावला आहे. अशा ट्रॅक्टरचे ब्रेक आणि क्लच आधीच दमलेले असतात. क्लच हाउसिंगच्या जोडाजवळ ताजा रंग किंवा वेल्डिंग दिसलं तर तिथे बोट ठेवून कारण विचारा. उत्तर अडखळत आलं तर पुढे जाऊ नका.

कागद हा सौद्याचा अर्धा भाग. इंजिन आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवा, पेन्सिलने छाप घेऊन. बँकेचा बोजा असेल तर एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरल्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. जळगाव-धुळ्याकडच्या नातेवाइकाकडून ट्रॅक्टर आणत असाल तर तिथल्या आरटीओची फॉर्म 28 वरची एनओसी आधी मिळवा, नाहीतर इंदूरचा एमपी-09 चा नंबर मिळायला हेलपाटे होतील. आरसीची 15 वर्षं संपत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्च भावातून वजा करायला लावा.

भाव करताना एक गोष्ट हाताशी ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि बहुतेक शेती अवजारांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. त्याआधी घेतलेल्या ट्रॅक्टरचा मालक जुन्या बिलाकडे बोट दाखवेल. तुम्ही आजच्या शोरूमच्या किमतीवरून खाली मोजत या. अवजारांवरचं अनुदान मात्र नव्यावरच मिळतं. मध्य प्रदेशच्या ई-कृषी यंत्र अनुदान पोर्टलवर अर्ज करून लॉटरीत नाव लागल्यावरच यंत्र घ्या. आधी घेतलेल्या यंत्राचं बिल चालत नाही.

नवा ट्रॅक्टर निवडताना बुधनीच्या (मध्य प्रदेश) शेती यंत्रांच्या केंद्रीय परीक्षण संस्थेचा अहवाल डीलरकडे मागा. त्यात पीटीओची (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची) प्रत्यक्ष ताकद आणि डिझेलचा खप मोजून दिलेला असतो, आणि तो ब्रोशरवरच्या एचपीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.