शाळांच्या नव्या संकेतस्थळाचा समन्वयक झालो तेव्हा

गोव्यात शाळांचा कारभार जिल्हावार चालत नाही. पर्वरीचे शिक्षण संचालनालय, त्याखाली उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन शैक्षणिक विभाग आणि तालुक्यासाठी भागशिक्षणाधिकारी, अशी आपली रचना आहे; अनुदानित माध्यमिक शाळा मात्र बहुधा संस्थांच्या असतात. डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत अशा नऊ शाळा चालवणाऱ्या एका संस्थेने प्रत्येक शाळेचे वेगळे संकेतस्थळ बंद करून सर्वांचे मिळून एकच नवे संकेतस्थळ करायचे ठरवले, तेव्हा त्यांतल्या एका शाळेत संगणक शिकवणाऱ्या माझ्याकडे कर्मचाऱ्यांना ते शिकवण्याचे काम आले. अशा कामावर नव्याने नेमल्या जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या वर्षाचा अनुभव मांडत आहे.

सुरुवात चुकीचीच झाली. २०२४च्या मे महिन्याच्या सुट्टीत सर्व शाळांचे मुख्याध्यापक, कारकून आणि प्रत्येकी दोन शिक्षक असे छत्तीस जण आम्ही एका सभागृहात बसवले आणि संकेतस्थळ तयार करणाऱ्या तंत्रज्ञाने पडद्यावर एकेक कप्पा उघडून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा झाला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा सुरू झाल्या तेव्हा कोणालाच काही आठवत नव्हते. सुट्टीत शिकवलेले सुट्टीतच राहते. शिवाय जे काम समोर आलेलेच नाही त्याचे उत्तर कोणी लक्षात का ठेवावे, हा प्रश्न मी स्वतःला आधी विचारायला हवा होता.

त्यानंतर मी प्रत्येक शाळेच्या कचेरीत अर्धा दिवस नुसता बसलो. हे काम सर्वांत कंटाळवाणे वाटते, पण त्याच्यासारखे उपयोगी दुसरे काही नाही. सत्तरीतल्या एका शाळेतल्या ज्येष्ठ कारकून बाईंकडे दोनशे पानी वही होती आणि तिच्यात जुन्या संकेतस्थळाचे सगळे व्यवहार त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते: 'तिसरा निळा चौकोन दाबणे, मग उजवीकडे खाली, मग थांबणे.' सहा वर्षे त्या वहीच्या बळावर त्यांनी एकही सूचना चुकू दिली नव्हती. नव्या संकेतस्थळावर निळा चौकोनच नव्हता. "सर, तुमचं संकेतस्थळ बदललं, पण माझी वही फुकट गेली त्याचं काय?" असे त्यांनी विचारले, तेव्हा या बाईंना संगणकाची भीती वाटते असे जे मला सांगण्यात आले होते ते किती खोटे आहे हे कळले. त्यांचा राग रास्त होता. त्यांची स्वतः रचलेली पद्धत कोणी न विचारता मोडली होती. आम्ही दोघांनी बसून नवी वही लिहिली, पण रंग आणि जागा यांऐवजी बटणावरचा शब्द आणि ते कशासाठी दाबायचे याचे कारण लिहिले. तीन महिन्यांनी मांडणी पुन्हा थोडी बदलली, तेव्हा ती वही टिकली. पुढे तिच्याच छायाप्रती मी उरलेल्या आठ शाळांना दिल्या. तंत्रज्ञाने पाठवलेली साठ पानांची पुस्तिका कोणी उघडली असेल असे मला वाटत नाही.

दुसरी तक्रार सगळीकडे सारखी होती: आणखी एक पोर्टल कशाला? तीही खोटी नाही. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्र सरकारच्या युडायस प्लस पोर्टलमध्ये २०२२-२३पासून प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती स्वतंत्रपणे भरावी लागते. त्याशिवाय शालान्त मंडळाची परीक्षा-नोंदणी, शिष्यवृत्त्या, माध्यान्ह आहाराचे हिशेब आहेतच. म्हणून पहिल्याच भेटीत नवे काय करायचे हे सांगण्याआधी काय करायचे नाही ते सांगावे. विद्यार्थ्यांची यादी, हजेरी, गुण यांतले काहीही इथे भरायचे नाही, इथे फक्त पालकांना आणि गावाला जे सांगायचे तेवढेच येईल, हे एका कागदावर मुख्याध्यापकांच्या सहीने लावल्यावर निम्मा विरोध मावळला.

अक्षरांचा घोळ मात्र मला आधी ठाऊक असायला हवा होता. शाळांतल्या जुन्या सूचना श्री-लिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व टंकांत (फॉन्टांत) होत्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत रुळण्याआधीच्या, आणि त्या तशाच उचलून संकेतस्थळावर चिकटवल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते, कारण त्या टंकांत देवनागरीचे रूप इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेले असते. परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण रफार आणि जोडाक्षरे हटकून बिघडतात, म्हणून एकदा वाचून काढण्याला पर्याय नाही. इथे एक आग्रह मी सोडला, तो सांगतो. मला वाटत होते की सर्वांनी भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाणित इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा. परंतु टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या माणसाची बोटे रेमिंग्टनच्या मांडणीत तयार झालेली असतात, आणि तीच मांडणी युनिकोडमध्येही मिळते. ती बसवून दिल्यावर दोन शाळांत त्याच दिवशी मराठी आणि कोकणी दोन्ही सूचना तयार झाल्या.

सूचनेचा कागद स्कॅन करून टाकण्याची सवय मात्र मोडावीच लागते. आठ एमबीची ती फाइल सत्तरीच्या आतल्या गावात, पावसात, एका दांडीच्या रेंजवर उघडत नाही. शोधातही सापडत नाही. आणि दृष्टिहीन पालकाच्या फोनला ती वाचून दाखवता येत नाही. सही-शिक्क्याशिवाय सूचना खरी वाटणार नाही, असे एका मुख्याध्यापकांचे म्हणणे होते. त्यावर मजकूर टंकित करून ठळक द्यायचा आणि सहीचा कागद खाली जोडायचा, अशी तडजोड झाली.

मग ७ जुलैच्या रविवारी संध्याकाळी काय झाले ते ऐका. अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे दुसऱ्या दिवशी, म्हणजे ८ जुलै २०२४ला, राज्यातल्या शाळांना सुट्टी जाहीर झाली. एका शाळेच्या कारकुनांनी घरून, मोबाइलवरून, तत्परतेने सूचना चढवली आणि तारखेच्या रकान्यात ०८/०७/२०२४ लिहिले. संकेतस्थळ अमेरिकी रीतीने महिना आधी वाचत होते. पालकांना दिसले, '७ ऑगस्ट रोजी सुट्टी'. सोमवारी सकाळी सहा मुले भिजत शाळेत आली. दोष त्या कारकुनांचा नव्हता, चाचणी घेताना तेरा तारखेनंतरचेच दिवस भरून पाहणाऱ्या माझा होता. तेरा किंवा त्यापुढचा आकडा महिना असू शकत नाही, म्हणून संकेतस्थळ त्याला दिवसच समजत होते आणि चूक उघडी पडलीच नाही. तुम्ही चाचणी घ्याल तेव्हा पहिल्या बारा तारखांपैकी एक अवश्य भरून पाहा, आणि सुट्टीच्या सूचनेत वार अक्षरांत लिहायची सवय लावा.

संकेतस्थळात शिरण्याचे सांकेतिक शब्द (पासवर्ड) हा आणखी एक नाजूक विषय. बहुतेक कचेऱ्यांत एकच शब्द सर्वजण वापरत आणि तो टेबलाच्या काचेखाली लिहिलेला असे. प्रत्येकाचे वेगळे खाते उघडून दिले, तरी एका शाळेत ओटीपी येत होता तो निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांच्या फोनवर, आणि ते पुण्याला मुलीकडे राहायला गेले होते. बिचारे दर वेळी न कुरकुरता आकडे सांगत. खाते शाळेच्या कचेरीच्या फोनवर नोंदवावे आणि दुसऱ्या एका जबाबदार व्यक्तीलाही अधिकार द्यावा, म्हणजे बदली, निवृत्ती किंवा बाळंतपणाची रजा आली तरी काम अडत नाही.

छायाचित्रांबाबत मी कडक राहिलो. स्नेहसंमेलनाचे फोटो नावे, इयत्ता आणि गावासह टाकण्याची हौस सर्वांना असते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती मागितली आहे. आम्ही प्रवेशाच्या अर्जासोबतच संमतीपत्र घेऊ लागलो आणि फोटोखाली नावे देणे बंद केले.

वेळापत्रकाबद्दल एवढेच की दहावीच्या परीक्षेच्या किंवा प्रवेशाच्या दिवसांत बदल करू नये. २०२५-२६पासून वरच्या इयत्तांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागल्यामुळे असे बदल मे महिन्यात उरकण्याचा जुना हिशेबही आता चालत नाही. जुन्या संकेतस्थळांचे पत्ते निदान एक वर्ष नव्या पानांकडे वळते ठेवायला तंत्रज्ञाला सांगावे, कारण पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत तेच दुवे फिरत असतात.

सप्टेंबरमध्ये चतुर्थीच्या सुट्टीची सूचना नऊही शाळांनी मला फोन न करता चढवली. त्यांतल्या दोन चुकल्या होत्या, एकीत शाळा पुन्हा सुरू होण्याची तारीखच नव्हती. मी कळवण्याआधी वहीवाल्या बाईंनी त्या शाळेला फोन करून ती दुरुस्त करून घेतली होती.