पोटाचा घेर घरच्या घरी नीट कसा मोजायचा

वजनकाटा नॉर्मल दाखवतोय म्हणून निवांत राहू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन) अगदी सेम 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2! आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे असं सर्रास दिसतं ना, तेच हे.

तर शिंप्याकडची साधी टेप घ्या, कपड्यावरून नाही, उघड्या पोटावर मोजायचं. पँटचा साइज धरू नका, पँट आपण पोटाखाली घालतो. कुशीत बोटाने चाचपून शेवटची बरगडी शोधा, मग खाली कमरेचं हाड, या दोन्हीच्या बरोबर मध्ये टेप आडवी गुंडाळा, मागून तिरकी झाली नाही ना ते आरशात बघा, नेहमीसारखा श्वास सोडा आणि तेव्हाच आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही हं, आणि टेप रुतायला पण नको.

पुरुषांना 90 सेंमी, बायकांना 80, ही आपल्या लोकांसाठीची मर्यादा. त्याच्या वर गेलं असेल तर डॉक्टरांना हा आकडा सांगा आणि शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासून घ्या, लिव्हरवर चरबी आहे का तेही विचारा. प्रेग्नन्सीत मात्र हे माप लागू नाही.