गाडीत पाणी येतंय? सनरूफच्या नळ्या बघा
जुन्या मर्सिडीज एस-क्लास किंवा बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजमध्ये पावसाळ्यात पायाखालचा गालिचा भिजला, की लोक सनरूफचं रबर बदलायला धावतात. बऱ्याचदा रबर ठणठणीत असतं. चौकटीच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या पाल्याने, धुळीने तुंबलेल्या असतात.

सनरूफ उघडून कोपऱ्यातल्या भोकात थोडं थोडं पाणी ओता. गाडीखाली धार दिसायला हवी. नाहीच दिसली, तर गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी घ्या, टोक मेणबत्तीवर जरा गोल करा आणि थंड झाल्यावर अलगद आत सरकवा. पुन्हा पाणी ओतून पाहा. मागचे कोपरे विसरू नका.

कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका. जुनी नळी आतल्या आत सांध्यातून निसटली, तर छताचं अस्तर उतरवावं लागतं. आणि गालिचा उचलून वाळवा, खाली वायरिंग असतं.