गाडी पुढचे टायर खातेय? अलाइनमेंटला पळण्याआधी या चुका टाळा

ट्रकच्या पुढच्या टायरची एक कड घासलेली दिसली की बरेच जण थेट अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवून घ्यायला) जातात, नाहीतर तो टायर मागे टाकून पुढे नवीन जोडी चढवतात. टायर कसा घासलाय यातच कारण दिसत असतं हो, तो उतरवून मागे फिरवला की कारण शोधणं अवघड होतं आणि नवीन जोडीपण त्याच वाटेने जाते.

म्हणून टायर जागेवर असतानाच नीट बघा. दोन्ही कडा गेल्यात आणि मधला भाग शाबूत आहे तर बहुतेक हवा कमी, मधलाच भाग गेला तर जास्त. हवा मोजायची ती गाडी निदान 3 तास उभी राहिल्यावर आणि गेज लावूनच, रॉड आपटून आवाजावरून काही कळत नाही. पळून आलेल्या गाडीत प्रेशर वाढलेलं दिसतं ते नॉर्मल आहे, ते बघून हवा सोडलीत तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतो.

मग तळहात फिरवा, पण आधी तार वगैरे बाहेर आलीय का बघून घ्या. हात बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना टोचतंय तर टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली) जास्त, उलटं असेल तर टो-आउट (बाहेर वळलेली). कुठेच टोचत नाही पण एकच कड गेलीय, तर संशय कॅम्बरवर (चाक वरून आत किंवा बाहेर झुकलेलं असणं) किंवा वाकलेल्या ॲक्सलवर घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्ले (सांध्यांतली ढिलाई) न तपासता टो सेट करणं. टाय रॉडचे (स्टेअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा दांडा) जॉइंट ढिले असतील तर सेटिंग रस्त्यावर टिकतच नाही. चाकं जमिनीवरच ठेवा, एकाने स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली जॉइंट बघायचे. नंतर मागच्या चाकांना अडसर लावून पुढचा ॲक्सल उचला, स्टँड लावा, चाक वरून आणि खालून धरून हलवा आणि कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा, ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग ढिलं आहे, तरीही राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन).

हे सगळं ठीक आहे तरी एका टायरची आतली कड आणि दुसऱ्याची बाहेरची कड जातेय का? मग मागे जा. मागचा ॲक्सल थोडा तिरका बसला असेल, म्हणजे ॲक्सल स्प्रिंगला आवळणारे यू-बोल्ट ढिले किंवा सांध्यांतले बुश गेलेले, तर तो गाडीला एका बाजूला ढकलतो, ड्रायव्हर सरळ चालवायला स्टेअरिंग सतत थोडं वळवून धरतो आणि पुढचे टायर घासतात. अशा वेळी फक्त पुढची अलाइनमेंट कितीही वेळा केली तरी फरक पडत नाही, आणि खूप ठिकाणी मागचा ॲक्सल मोजतच नाहीत, तुम्ही स्वतः सांगून मोजून घ्या.

टायरवर जागोजागी खड्डे पडलेत तर शॉकॲब्सॉर्बर, बॅलन्सिंग आणि बेअरिंग बघा, टायर रिमवर सगळीकडून सारखा बसलाय का तेही. फक्त एक लक्षात ठेवा, शॉक नवीन टाकले तरी आधीचे खड्डे भरून येत नाहीत, त्या टायरचा आवाज आणि थरथर चालूच राहते, त्यावरून काम फसलं असं धरू नका.