बंद पडलेल्या कबड्डी संघाचा इतिहास कसा जुळवायचा

अमेरिकेत मायनर लीगमधल्या (दुय्यम व्यावसायिक स्पर्धांतल्या) बंद पडलेल्या बेसबॉल संघाचाही इतिहास बराचसा पेपरांतून जुळतो, कारण तिथं सामन्याचा खेळाडूवार तक्ता छापून यायचा. आपल्या कबड्डीच्या वाट्याला 'अमुक मंडळ विजयी' एवढी एक ओळ. म्हणून सुरुवात ढालीपासून करा.

फिरत्या ढालीवर दरवर्षीच्या विजेत्याच्या नावाची छोटी पट्टी ठोकलेली असते. ढाल तुमच्या मंडळाकडे नसेल तर आयोजकांकडे किंवा शेवटच्या विजेत्यांकडे चौकशी करा. चिंचेनं घासून अक्षरं बुजली असतील तर आणखी घासू नका. खडूची पूड हलकेच चोळा, वरवर पुसा आणि टॉर्च आडवा धरून वाचा. खाचेतली पांढरी अक्षरं दिसतात. गटही टिपा. ५५ किलो गटातलं विजेतेपद सांगताना हमखास 'खुल्या गटातलं' होतं!

मंडळ नोंदणीकृत असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात नोंदणी क्रमांक देऊन परिशिष्ट १ (नोंदवहीतला उतारा) आणि सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खालच्या बदल अर्जांच्या नकला मागा. पदाधिकारी कधी बदलले ते तिथं कळतं. मात्र कित्येक मंडळांनी बदल अर्ज दिलेलेच नसतात, त्यामुळे वारलेले अध्यक्ष कागदोपत्री अजून खुर्चीवर असतात. कागदावर नाव आहे म्हणून संघ खेळत होता असं धरू नका. निजामकाळातल्या कागदावर फसली साल (तेव्हाचं सरकारी महसुली वर्ष) असेल तर इसवी सनासाठी ५९० मिळवा: १३५० फसली म्हणजे १९४०-४१.

मराठवाड्यात सगळ्यात जास्त घोळ जिल्ह्यांचा. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला झाला, जालना १ मे १९८१ ला, हिंगोली १ मे १९९९ ला. लातूरच्या खेळाडूचं १९८० चं प्रमाणपत्र उस्मानाबाद जिल्ह्याचं असेल, हिंगोलीच्या पोराचं परभणीचं. उदगीरची माणसं तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होती. प्रमाणपत्रावर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' असेल तर ते १९५८ नंतरचं आणि बहुधा जानेवारी १९९४ च्या नामविस्ताराआधीचं.

जुन्या खेळाडूंना 'कोणतं साल?' असं विचारलं की अंदाज मिळतो. त्यापेक्षा 'बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?' असं विचारा. गणपतीतल्या स्पर्धांसाठी किल्लारीचा भूकंप चांगली खूण आहे: तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर झाला. म्हणून 'भूकंपाआधीच्या गणपतीत' यात १९९३ चा गणपतीही येतो. बोलताना समोर संघाचा फोटो ठेवा, टोपणनावांसकट नावं डावीकडून क्रमानं लिहून घ्या. फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवू नका, वळ पुढं उमटतात. मऊ पेन्सिल वापरा.

संघ बंद कधी पडला, याचं उत्तर प्रत्येक जण वेगळं देईल. कुणी पोलीस भरतीत गेला, कुणी पुण्याला, मैदानावर गाळे उभे राहिले. छापील पुरावा असलेला शेवटचा सामना शोधा आणि 'यानंतर नोंद सापडत नाही' एवढंच लिहा.